केळ्यांचा तास

आमच्या शाळेत अकरावीच्या दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती. एका लांबलचक हॉलचे लाकडी फळ्या ठोकून दोन भाग केले होते. अलीकडे मी भूगोल शिकवायचो, पलीकडे बाई अर्थशास्त्र. फळ्यांना जागोजागी फटी होत्या, पण बाईंच्या आवाजाला फटींची गरज नव्हती. घरी आईला ऐकायला कमी, त्यामुळे त्यांना चढ्या आवाजाची सवयच लागलेली. माझी मुलं वाऱ्यांवर टिपण लिहायची आणि मध्येच एखादं कार्टं ‘वारा महागला की त्याची मागणी घटते’ असं लिहून ठेवायचं. मी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "सर, तुम्ही जरा मोठ्याने शिकवा." झालं! मग आम्ही दोघंही कित्येक वर्षं ओरडून शिकवत राहिलो.

त्याचा एक फायदा झाला. अर्थशास्त्राचं पुस्तक मी आयुष्यात उघडलेलं नाही, पण अर्थशास्त्र मला बऱ्यापैकी येतं. बाईंनीच शिकवलं, आणि तेही मला नको असताना.

बाई स्वतः हा विषय पाठांतर करून पास झालेल्या. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. सुरुवातीला त्या पुस्तकातून उतरवून द्यायच्या, मुलं डुलक्या काढायची, आणि बाईंनाही मनातून वाटायचं की आपण काहीतरी परक्या गावच्या गोष्टी सांगतोय. मग एकदा संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावरचा फळवाला काळी पडायला लागलेली केळी निम्म्या भावात ओरडून विकत होता. हे दृश्य त्या लहानपणापासून बघत होत्या. त्या दिवशी मात्र रस्त्यातच थबकल्या. "अहो सर, पुरवठ्याचा अख्खा धडा त्या हातगाडीवर पसरलेला होता! आणि मी इतकी वर्षं नुसती केळी घेऊन घरी जात होते." हे सांगताना त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा फुलायचा.

तेव्हापासून त्यांच्या खांद्यावर एक फुगलेली कापडी पिशवी आली. तिच्यातून काय निघेल याचा नेम नसायचा. वस्तुविनिमय शिकवायचा म्हणून पेन्सिली, बटणं, रिबिनी काढून मुलांमध्ये बाजार भरवायच्या. मक्तेदारी शिकवायची म्हणजे वर्गातले सगळे खडू एकाच मुलाच्या ताब्यात द्यायच्या आणि मग गंमत बघत बसायच्या. पंख्याखालच्या बाकाचा लिलाव तर इतका रंगला की माझा वर्ग फळ्यांच्या फटींना डोळे लावून उभा राहिला. मी कपाळाला हात लावला.

बाईंचं एक पालुपद होतं. पुस्तकातला प्रत्येक नियम त्याच शब्दांनी सुरू होतो म्हणे: ‘इतर परिस्थिती स्थिर असताना.’ इतर परिस्थिती स्थिर असताना किंमत वाढली की मागणी घटते, वगैरे. बाई ते इतक्या वेळा म्हणायच्या की बोलण्यातही यायचं. "इतर परिस्थिती स्थिर असताना मी चारला निघेन," असं त्या शिक्षकांच्या खोलीत सांगायच्या आणि आम्ही हसायचो.

या सगळ्यात राजा होता तो केळ्यांचा तास. वर्षातून एकदाच यायचा. नियम साधा. एकच वस्तू लागोपाठ घेत गेलं की दर पुढच्या नगातून मिळणारं समाधान कमी होत जातं. बाई अर्धा डझन केळी आणायच्या, एका मुलाला पुढे बोलवायच्या आणि खायला लावायच्या. प्रत्येक केळ्यानंतर त्याने दहापैकी गुण द्यायचे. पहिल्याला दहा, दुसऱ्याला आठ, मग पाच, मग दोन. शेवटी तो पोटावर हात ठेवून "बाई, आता नको" म्हणायचा आणि वर्ग टाळ्या पिटायचा. फळ्यावर आकडे पायऱ्यांसारखे उतरत गेलेले असायचे. मोठ्या वर्गांतली मुलं अकरावीला आलेल्यांना आधीच सांगून ठेवायची, काहीही चुकवा, केळ्यांचा तास चुकवू नका.

आता त्या मुलीबद्दल सांगायला हवं.

ती माझ्या वर्गात नव्हती. मला माहीत होता तो तिचा आवाज. बाईंनी प्रश्न विचारला की पलीकडून जो पहिला आवाज यायचा, तो तिचा. स्वच्छ, न घाबरणारा. बाई खोलीत येऊन तिचं कौतुक करायच्या. एकदा त्या संधीचा खर्च शिकवत होत्या. म्हणजे आपण एखादी गोष्ट निवडतो तेव्हा जी सोडून देतो, तीच तिची खरी किंमत. "आत्ता तुम्ही इथे बसलात, त्यासाठी काय सोडलंत?" बाईंनी विचारलं. कुणी झोप म्हणालं, कुणी सिनेमा म्हणालं, वर्गात खसखस पिकली. मग तिचा आवाज आला, "बाई, मी शाळेत येते म्हणून आईला धाकट्याला पाठीशी बांधून कामावर जावं लागतं. त्यामुळे तिला दोन घरं कमी मिळतात."

"शाब्बास!" बाई पलीकडून गरजल्या. "याला म्हणतात उदाहरण! लिहून घ्या सगळ्यांनी."

आणि सगळ्यांनी लिहून घेतलं. फळ्यांच्या अलीकडे माझ्या दोन मुलांनीही लिहिलं. बाई दुष्ट नव्हत्या हो. त्यांच्याइतकी मायाळू बाई त्या इमारतीत दुसरी नव्हती. पण विषयाचं वेड इतकं होतं की समोरचं माणूस त्यांना आधी उदाहरण म्हणून दिसायचं.

त्या वर्षी केळ्यांच्या तासाला त्यांनी तिलाच पुढे बोलवलं. आदल्या वर्षीच्या मुलाने चाळे करून वाट्टेल ते गुण दिले होते, म्हणून या खेपेस त्यांना खरं बोलणारं कुणीतरी हवं होतं. सकाळी खोलीत पिशवी ठेवता ठेवता त्या मला तसं म्हणाल्याही होत्या.

मी अलीकडे नकाशा टांगून उभा होतो. पहिलं केळं झालं. "किती?" "दहा." दुसरं झालं. "दहा." बाई हसल्या, "अगं, आठ तरी म्हण." तिसऱ्यालाही दहा. चौथ्याला दहा. पलीकडे कुजबुज सुरू झाली, मग हसू. पाचव्यालाही दहाच आल्यावर कुणीतरी ओरडलं, "बाई, नियम हरला!" आणि वर्ग फुटला. माझाही वर्ग हसत होता. मी डस्टर आपटला, पण ऐकतंय कोण.

"नीट विचार करून सांग," बाई म्हणाल्या. आवाजात चिडचिड होती. खरं बोलणारं माणूस निवडूनही प्रयोग भर वर्गात फसत होता. "घाईघाईत आकडा फेकू नकोस. खरं सांगायचं."

"खरंच सांगतेय, बाई."

सहावंही संपलं. दहा.

मग बाईंनी विनोद केला. त्या विनोदाचा शब्दन् शब्द मला आठवतो. पुस्तकात या नियमाला अपवाद दिलेले आहेत. काही माणसांचं समाधान कधी घटतच नाही. बाईंनी ती यादी मोठ्याने म्हटली, "कंजूष, दारुडा, आणि तिकिटं जमवणारा छंदिष्ट. आता सांग बाई, यातली तू कोण?"

असं हसू त्या हॉलमध्ये पुन्हा कधी ऐकलं नाही मी. बाकं बडवत होती मुलं. बाईही हसल्या. तास वाचला म्हणून त्यांना हायसं वाटलं असावं. त्या हसण्यात पहिल्यांदाच मला तिचा आवाज कुठे ऐकू आला नाही.

सुट्टीत बाई खोलीत आल्या त्या अजून हसतच. कागदावर गोळा केलेल्या साली टोपलीत टाकायला वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. "सर, इकडे या," म्हणाल्या. मी गेलो. सालींच्या आतला पांढरा थर दातांनी खरवडून काढलेला होता. सगळ्याच सालींचा नाही, शेवटच्या दोन-तीन सालींचा. वर्ग बाकं बडवत असताना ती मान खाली घालून साल खरवडत होती.

बाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "भूक आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. अपवादांत ती दिलेली नाही हो."

आता इथे दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. थोडे दिवस जाऊ दिले असते. बाईंच्या स्वभावात गप्प बसणं नव्हतं. चूक झाली ना, मग ती उद्याच्या उद्या दुरुस्त करायची. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या एक भरलेला डबा घेऊन वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. मी माझ्या दारात होतो. ती बाहेर आली, आणि मी तिला त्या दिवशी प्रथम नीट पाहिलं. आवाजाच्या मानाने अगदीच बारीक चण होती. मागून मुलांची रीघ बाहेर पडत होती. एक जण जाता जाता "अपवाद" म्हणाला. रात्रीत नाव पडलंसुद्धा होतं.

"हे तुझ्यासाठी," बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज बारीक करायचा प्रयत्न केला होता, पण तो त्यांना कधीच जमला नाही. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला.

"नको, बाई. माझं पोट भरलंय."

"अगं, घे. लाजतेस काय?"

"खरंच नको. पोट भरलंय माझं."

बाईंनी डबा तिच्या हातात कोंबला आणि डोळे पुसत खोलीत गेल्या. शाळा सुटल्यावर डबा त्यांच्या टेबलावर होता. उघडलेलाही नव्हता.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. बाई चार दिवस थांबल्या, मग पत्ता काढून तिच्या घरी गेल्या. खोलीला कुलूप. शेजारणीने सांगितलं, आईला दुसरीकडे राहून काम मिळालं, सगळं बिऱ्हाड घेऊन गेली. कुठे ते तिला माहीत नव्हतं. म्हणजे ती मुलगी त्या हसण्यामुळे गेली, डब्यामुळे गेली की आईच्या कामामुळे, हे कळायला काही मार्गच उरला नाही. मी बाईंना समजावलं, कामामुळेच गेली असणार. त्या म्हणाल्या, "इतर परिस्थिती स्थिर असती तर तसंच म्हटलं असतं, सर." त्यांनी हे विनोदाने म्हटलेलं नव्हतं.

वर्ष संपेपर्यंत त्या हजेरीत तिचा नंबर पुकारत राहिल्या. पलीकडून खणखणीत आवाजात नंबर यायचे, प्रत्येकामागे "हजर" यायचं, आणि मध्येच एका नंबरनंतर काहीच यायचं नाही. बाई तिथे जरा जास्तच थांबायच्या. माझी मुलंही तेवढ्यापुरती लिहायची थांबायची.

केळ्यांचा तास बंद झाला. पिशवी पहिल्यासारखी फुगेनाशी झाली आणि पुढे कधीतरी दिसेनाशीच झाली. बाई फळ्यावर आकृती काढायच्या, रेषा खाली उतरवायच्या, टीप लिहून द्यायच्या. गंमत म्हणजे निकाल चांगले लागायला लागले. मुख्याध्यापक खूश झाले. मला विचाराल तर मी त्या शांततेला कंटाळलो. फळ्यांपलीकडून नुसता खडूचा आवाज यायचा आणि माझी मुलं वाऱ्यांबद्दल अगदी बिनचूक लिहायची. एवढी हौशी बाई डोळ्यांसमोर साधी मास्तरीण होऊन गेली आणि कुणाला त्याची खंतही वाटली नाही, याचा मला आजही राग येतो.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यांची आई तोवर गेली होती. मी अधूनमधून त्यांच्याकडे चहाला जायचो. गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी त्या मुलीपाशी यायच्या. "कुठे असेल हो?" एवढंच विचारायच्या. त्यांच्या हातून शिकलेले दोघं-तिघं बँकांत मोठे साहेब झाले होते, नवीन वर्षाला फुलं पाठवायचे. त्यांच्याबद्दल त्या एक अक्षर काढायच्या नाहीत.

मग एक दिवस मी घरापासून जरा लांबच्या लॉन्ड्रीत कोट टाकायला गेलो. आत इस्त्रीच्या वाफेत पाठमोरी उभी असलेली बाई माझा आवाज ऐकून वळली.

"सर, तुम्ही भूगोलाचे ना? फळ्यांपलीकडचे?"

चेहरा मी ओळखला नसता. आवाज लगेच ओळखला. पूर्वीइतका धीट नव्हता, पण स्वच्छ तसाच.

ती लग्न होऊन परत याच बाजूला आली होती. नवरा मालवाहू गाडीवर, लॉन्ड्रीच्या मागेच दोन खोल्या, पाच वर्षांची मुलगी. मी धीर करून म्हटलं, "बाई तुझी आठवण काढतात. आणू का एकदा त्यांना?" तिने हातातला शर्ट नीट घडी करून ठेवला. मग म्हणाली, "आणा की. रविवारी दुकान बंद असतं."

बाईंना मी सांगितलं तेव्हा त्या आनंदाने उडी मारतील असं मला वाटलं होतं. त्या घाबरल्या. रविवारी सकाळी दोनदा फोन करून "जाऊया नको" म्हणाल्या. वाटेत फळांच्या दुकानासमोरून जाताना त्यांनी मान फिरवली आणि पुढच्या दुकानातून क्रीमच्या बिस्किटांचा मोठा पुडा घेतला. काय बोलायचं ते त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. रस्त्याने ओठ हलत होते.

खोली लहान, पण लख्ख. भिंतीला तारेवर गिऱ्हाइकांचे कपडे टांगलेले. तिने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा केला, स्वतः पलंगाच्या कडेला बसली. बाईंनी कप खाली ठेवला आणि पाठ केलेलं सुरू केलं. "मला तुझी माफी मागायची होती. तो केळ्यांचा तास..."

"कसली केळी, बाई?" ती हसून म्हणाली. "मला नाही बाई आठवत."

"अगं, मी तुला पुढे बोलवलं होतं. सगळे हसले होते. मी तुला..."

"शाळेतलं काय काय आठवणार? तुम्ही छान शिकवायच्या, एवढं आठवतं." आणि तिने चहात साखर बरोबर आहे ना म्हणून मला विचारलं.

माझा आवाज तिला इतक्या वर्षांनी पाठमोरी असताना ओळखता आला होता. केळी मात्र आठवत नव्हती. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र थोडं हलकं काहीतरी पसरलं. आठवत नाही म्हणजे लागलं नसेल, असं त्यांना वाटून घ्यायचं होतं. वाटू दे, म्हटलं मी मनात. किती वर्षं भोगलंय त्यांनी.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगी आली. आईसारखीच बारीक, डोळे टपोरे. बाईंचा जीव तिच्यावर लगेच जडला. त्यांनी पुडा फोडला आणि एक बिस्कीट तिला दिलं. पोरीने ते कडेकडेने कुरतडत खाल्लं, क्रीम शेवटी चाटून घेतलं, बोटंही चाटली. नजर पुड्यावरून हलत नव्हती.

"घे, अजून घे," बाईंनी पुडा पुढे केला.

पोरीचा हात अर्धा उठला. मग तिने आईकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि कविता म्हणावी तसं एका दमात म्हणाली, "पुरे. पोट भरलंय माझं."

बाईंच्या हातातला पुडा तसाच राहिला. तिची आई तिच्या केसांवरून हात फिरवत होती. आवाजात नुसतं कौतुक होतं. "शिकवलंय मी तिला. लोकांसमोर दुसरं घ्यायचं नाही. कितीही वाटलं तरी एक झालं की पुरे म्हणायचं. तुम्ही गेल्यावर देईन मी तिला, बाई. ठेवा तो पुडा तिथे."

बाईंनी पुडा पलंगावर ठेवला. आम्ही आणखी थोडं बसलो. काय बोललो ते मला आठवत नाही. निघताना बाईंनी त्या पोरीच्या गालाला हात लावला आणि तो तिथेच ठेवून उभ्या राहिल्या, तेव्हा मीच त्यांना चला म्हटलं.

आम्ही गल्लीच्या टोकाला आलो. मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा बारीक आवाज ऐकला.

"सर, इतकी मुलं माझ्या हाताखालून गेली. मी शिकवलेलं कुणी आपल्या मुलाला शिकवलं असेल असं वाटत नाही."

"असं काय म्हणता, बाई."

"हिने शिकवलं ना," त्या म्हणाल्या, आणि रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांना उठवत नव्हतं, आणि मलाही घाई नव्हती.